पडद्यावरचा मठ

मी शाळेत होते तेव्हाची एक आठवण प्रथम सांगते. आमची ग्वाल्हेरची वस्ती लष्कर भागात. शाळा धर्मभगिनींची, त्यांतील एक सिस्टर माझ्या आईप्रमाणेच वसईकडच्या, म्हणून वर्गाबाहेर आमच्याशी त्या मराठीत बोलत. एके दिवशी आम्ही चार मुली त्यांच्यासमवेत बाड्याकडे चाललो असता वाटेतील भिंतीवर एका परदेशी बोलपटाचे भित्तिपत्रक दिसले. त्यावर हाती मेणबत्ती घेतलेली एक धर्मभगिनी होती, पोशाख अर्धामुर्धा होता, आणि खाली 'केवळ प्रौढांसाठी' अशी अक्षरे होती. आम्ही माना खाली घातल्या. सिस्टर मात्र थांबल्या, त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "अगं, हिची कपाळपट्टी उलटी बांधलीय. अशी बांधली तर दोन पावलांत सुटून पडेल." एवढे बोलून त्या चालू लागल्या. मठातील सर्वांची वस्त्रे शिवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

त्या प्रसंगाला तीस वर्षे उलटली. ह्या वर्षी माझ्या वर्गातील एका मराठी घरच्या मुलीने भ्रमणध्वनीवर तशाच एका चित्रपटाचा तुकडा मला दाखविला आणि विचारले, "बाई, हे खरं आहे का? वर लिहिलंय, सत्यघटनेवर आधारित." मुलगी हुशार, तिला थट्टा करावयाची नव्हती. 'छे, सारे खोटे' असे मी म्हटले असते तर ते असत्य ठरले असते, आणि 'खरे आहे' म्हणणे त्याहून मोठे असत्य झाले असते. 'उद्या सांगते' असे म्हणून मी वेळ मारून नेली. आजचे भाषण त्या उधारीची फेड आहे.

जुन्या काळातील मठ घ्यावयाचा, त्यात कोंडलेल्या तरुण स्त्रिया दाखवावयाच्या, एक क्रूर मठाध्यक्षा, एक कामुक धर्मगुरू, फटके, भूतसंचार आणि शेवटी चिता. ह्या साच्याच्या चित्रपटांचे पीक युरोपात, विशेषतः इटलीत, १९७० नंतरच्या दहा वर्षांत उदंड आले. धंदा म्हणून हिशोब सोपा होता. दगडी मठ भाड्याने मिळत, पोशाख स्वस्तात होत, आणि 'इतिहास' ही पाटी लावली की परीक्षण मंडळाशी वाद घालावयास एक सबब मिळे. १९७४ मध्ये तर जपानमध्येही असा चित्रपट निघाला. त्या देशात कॅथलिकांची संख्या शंभरांत एकही भरत नाही. तेव्हा तेथे चर्चवरील राग हे कारण असणे शक्य नाही. वस्त्र तेवढे उचलले गेले.

ग्वाल्हेरकरांना ह्या इटालियन कथांशी आपले काय नाते, असे वाटेल. नाते दूरचे पण खरे आहे. १८७४ साली उभा राहिलेला आपला जयविलास राजवाडा ज्यांनी आखला ते सर मायकेल फिलोझ मूळ नेपल्सहून आलेल्या कॅथलिक घराण्यातले. त्याच घराण्यातील जाँ बाप्तिस्त फिलोझ दौलतराव शिंद्यांच्या सैन्यात सेनापती होता. ह्याच नेपल्समधील सांतार्कांजेलो नावाच्या मठावर १९७३ मध्ये एक चित्रपट निघाला. त्या मठाविषयीची तथाकथित बखर १८२९ मध्ये फ्रेंच भाषेत छापली गेली आणि तिचा अस्सलपणा संशयास्पद आहे. बखरींवर कितपत विसंबावे, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. पानिपताच्या बखरी वाचून मोठे झालेले लोक आपण! त्या चित्रपटातील प्रमुख नटी ॲन हेवूड हिने चार वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, आणखी एका धर्मभगिनीची भूमिका केली होती. ती धर्मभगिनी मात्र खरोखर होऊन गेली, आणि तिच्या खटल्याचे कागद आजही उपलब्ध आहेत. तिची हकिकत थोडी विस्ताराने सांगते.

मिलानजवळील मोंझा हे गाव सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेखाली लेइव्हा घराण्याची जहागीर होते. ह्या घराण्यात १५७५ मध्ये मारियान्ना नावाची मुलगी जन्मली. आई मिलानमधील अतिश्रीमंत सावकार मारीनो ह्याच्या कुळातील. ती वर्षाच्या आतच प्लेगने वारली. आईच्या मागे ह्या तान्ह्या मुलीस संपत्तीचा वाटा होता. बापाने स्पेनमध्ये दुसरा संसार थाटला. मुलीचे लग्न करावयाचे तर हुंडा द्यावा लागणार आणि आईचा वाटाही तिच्याबरोबर परघरी जाणार. मठातही हुंडा द्यावा लागे, पण तो कितीतरी कमी. तेराव्या वर्षी मारियान्ना मोंझाच्या सांता मार्गेरिता मठात गेली आणि १५९१ मध्ये, सोळावे वर्ष लागताच, आईचे व्हर्जिनिया हे नाव धारण करून तिने कायमची व्रते घेतली. लोक तिला 'सिन्योरा', म्हणजे बाईसाहेब, म्हणत. कारण बापाच्या वतीने जहागिरीचा कारभार ती मठातूनच पाहत असे. कारभार करण्यास योग्य, पण स्वतःचे आयुष्य ठरविण्यास अयोग्य, अशी ही विलक्षण स्थिती होती.

मठाच्या भिंतीला लागून ओझिओ नावाच्या एका धनिक तरुणाचे घर होते. पुढे जे व्हावयाचे ते झाले. संबंध अनेक वर्षे टिकला, एक मूल मृत जन्मले, एक मुलगी जगली. एका सेवक-भगिनीने सारे उघड करण्याची धमकी दिली तेव्हा ओझिओने तिचा खून केला आणि नंतर आणखी दोघींच्या जिवावर उठला. त्यांपैकी एक वाचली आणि तिने साक्ष दिली. खटला मिलानचे कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ ह्यांच्या न्यायासनापुढे चालला. १६०८ मध्ये निकाल लागला: व्हर्जिनियाला मिलानमधील पतित स्त्रियांच्या आश्रमात, सांता व्हालेरियात, एका लहानशा खोलीत भिंत चिणून कोंडावे. 'मुघल-ए-आझम' पाहिलेल्यांना अनारकली आठवेल. येथे मरण अभिप्रेत नव्हते. अन्न आणि थोडा उजेड आत जाईल एवढी फट ठेवलेली होती.

मान्झोनी ह्या थोर इटालियन कादंबरीकाराने १८२७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या कादंबरीत ह्या स्त्रीस गेर्त्रूदे असे नाव देऊन आणले. ओझिओशी जडलेल्या संबंधाला त्याने फार थोडी जागा दिली. त्याची कितीतरी पाने खर्ची पडली ती एका बापाने आपल्या मुलीला लहानपणापासून भगिनीच्या वेषातील बाहुल्या देऊन, लाडाने, अबोल्याने, धाकाने 'होय' म्हणावयास कसे लावले ह्याच्या वर्णनावर. मान्झोनी स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता. मला त्याचे हेच वैशिष्ट्य मोठे वाटते. अपराधाची गोष्ट कोठून सुरू होते हे त्याला ठाऊक होते. ह्याच स्त्रीवर पुढे चित्रपट निघाले त्यांचा मात्र सारा जीव भिंतीला लागलेल्या त्या घरात गुंतला.

ह्याला कारण आहे. खटल्याचे कागद हे न्यायाधीशाच्या प्रश्नांची उत्तरे असतात. तू कोणाबरोबर होतीस, किती वेळा, कोठे, कोणी पाहिले, असे प्रश्न तिला विचारले गेले. 'तुझ्या आईचा वाटा कोणी घेतला?' हा प्रश्न त्या न्यायासनाच्या कक्षेबाहेरचा होता. चारशे वर्षांनी चित्रपटकार तेच कागद उघडतो तेव्हा तोही न्यायाधीशाच्याच खुर्चीत बसतो, फरक इतकाच की तो दार उघडे ठेवून तिकिटे विकतो. टस्कनीतील पेश्या येथील बेनेदेत्ता कार्लिनी हिचे असेच झाले. तिच्या दृष्टान्तांची व एका भगिनीशी असलेल्या संबंधांची चौकशी १६१९ ते १६२३ ह्या काळात झाली. जुडिथ ब्राउन ह्या विदुषीने १९८६ मध्ये ते कागद अभ्यासून पुस्तक लिहिले आणि २०२१ मध्ये पॉल व्हेरहूव्हन ह्यांनी त्यावरून चित्रपट काढला. माझ्या विद्यार्थिनीच्या भ्रमणध्वनीवर होता तो हाच.

फ्रान्समधील लूदाँ गावची गोष्ट तर ह्याहून बोलकी आहे. १६३२ मध्ये तेथील उर्सुलाइन मठात भगिनींच्या अंगात भुते येऊ लागली. त्यांनी ऊर्बें ग्रांदिए ह्या देखण्या, वाचाळ आणि रिशल्यूच्या पक्षाला खुपणाऱ्या धर्मगुरूचे नाव घेतले आणि १६३४ च्या ऑगस्टमध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. भुते उतरविण्याचा विधी देवळात भर गर्दीत होत असे. दूरदूरचे लोक केवळ पाहावयास येत, खाणावळी भरून जात. केन रसेल ह्यांच्या १९७१ च्या चित्रपटावर अश्लीलतेचा मोठा गहजब झाला, त्यातील भाग कापले गेले; पण त्या बायकांना तमाशात उभे करण्याचे काम सतराव्या शतकातच, आणि धर्माच्याच नावाने, होऊन चुकले होते. हे लिहिताना मला सुख वाटत नाही. त्याच प्रकरणावर कावालेरोविच ह्या पोलिश दिग्दर्शकाने १९६१ मध्ये संयत, जवळजवळ निःशब्द चित्रपट केला आणि कान येथे त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. तेव्हा दोष विषयाचा आहे असे कोणी म्हणू नये.

आता घराकडे येऊ. मठाची अशी गोष्ट आपल्या बाजूस घडलीच नाही काय? जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा प्रचंड मठ आजही उभा आहे. आर्चबिशप आलेक्सो दि मेनेझिस ह्यांनी १६०६ मध्ये तो स्थापिला, १६२७ मध्ये इमारत पुरी झाली; आशिया खंडातील तो त्या काळचा सर्वांत मोठा स्त्रीमठ होय. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी तो पाहिला. बाहेरून त्याच्या जाड टेकू-भिंती किल्ल्यासारख्या भासतात. चित्रपटाला हवे ते सारे येथे आहे: १६३६ मध्ये क्रूसावरील ख्रिस्ताने डोळे उघडले, जखमांतून रक्त वाहिले अशी मठाची परंपरा, एका भगिनीच्या अंगावर त्याच जखमांच्या खुणा उमटल्याची श्रद्धा, आणि त्याच वर्षी मठाला लागलेली भयंकर आग. एवढे असून कोणा निर्मात्याची नजर तिकडे वळल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गोव्याचे नशीब!

पण त्या काळी गोव्याच्या नगरसभेची सांता मोनिकाविरुद्धची तक्रार पाहा. रक्ताळलेल्या क्रूसापेक्षा ती मला अधिक विचार करावयास लावते. नगरसभेचे म्हणणे असे की पैसेवाल्या घरच्या मुली हुंड्यासह आणि वारशासह मठात जातात, मठ श्रीमंत होतो, आणि गोव्यातील पोर्तुगीज पुरुषांना लग्नाला वधू व वधूबरोबर येणारे धन दोन्ही मिळेनासे झाले आहे. राजापर्यंत कज्जा गेला. भगिनींची संख्या शंभराच्या आत राखावी असे बंधन होते, त्यावरून वाद झाले. इटलीत बाप मुलीचे धन वाचविण्यासाठी तिला मठात लोटतो, आणि गोव्यात तेच धन मठात जाते म्हणून शहर रडते! दोन्हीकडे मुलीपेक्षा मुलीबरोबरच्या पेटीवर लक्ष. मधल्यामध्ये काही स्त्रिया आपखुशीने, प्रार्थनेच्या खऱ्या ओढीने आत गेल्या असतील. विधवा गेल्या, त्यांना तेथे अक्षरओळख, गायन, कारभार करावयास मिळाला. मठातील वरच्या पायरीच्या भगिनी काळे शिरोवस्त्र घेत, त्या बहुतेक पोर्तुगीज वंशाच्या. खालच्या कामाच्या भगिनींचे शिरोवस्त्र पांढरे. म्हणजे आमची उतरंड तेथेही होतीच. स्वयंपाकघराची आठवण मात्र गोड आहे: थरांची बेबिंका तेथील बेबियाना नावाच्या भगिनीने प्रथम केली असे गोवेकर सांगतात. ही दंतकथा आहे, पण खाताना पुरावा कोण मागतो?

१८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले. पुरुषांना गोव्यातून जावे लागले, स्त्रियांना राहू दिले, परंतु नवी मुलगी घ्यावयाची नाही अशी अट घातली. त्या अवाढव्य वास्तूत एकेक भगिनी म्हातारी होत, एकेक खोली बंद पडत, १८८५ मध्ये शेवटची भगिनी वारली. तो शेवटचा काळ कसा गेला असेल ह्याचा विचार त्या लांब ओसरीतून चालताना मनातून जात नव्हता. १९६४ पासून तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था चालते आणि २००२ पासून त्याच आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

मुलीच्या इच्छेविषयी चर्चचा कायदा काय होता, असा प्रश्न कोणी विचारील. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्येच स्पष्ट ठरविले होते की सोळा वर्षांखालील मुलीस कायमची व्रते देऊ नयेत, व्रतांपूर्वी तिची इच्छा बिशपने विचारावी, आणि जो कोणी मुलीवर बळजबरी करील तो धर्मबहिष्कृत समजावा. कायदा इतका चोख होता. पण ज्या मुलीचा बाप दाराबाहेर बग्गीत वाट पाहत बसला आहे, ती आत बिशपला काय सांगणार? आपल्या शारदा कायद्याचे, हुंडाबंदीच्या कायद्याचे काय झाले, ते आठवावे. व्हेनिसमधील आर्कांजेला ताराबोत्ती ही १६०४ मध्ये जन्मलेली, पायाने अधू, म्हणून लग्नाच्या बाजारातून वगळून मठात पाठविलेली मुलगी. तिने आयुष्यभर मठात राहून 'पित्याचा जुलूम' ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. बाप आणि राज्यकर्ते मिळून मुलींचे हुंडे वाचवितात व देवाचे नाव पुढे करतात, असा त्यातील रोकडा हिशोब. तो तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये छापला गेला आणि आमच्या चर्चने पुढे तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. चर्चची ती चूक होती, हे मी कॅथलिक म्हणूनच म्हणते. महदंबेचे धवळे मराठीने सातशे वर्षे जपले, म्हणून महानुभाव पंथातील एक संन्यासिनी आज तिच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याला भेटते. ताराबोत्तीवर मेणबत्त्यांचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. हिशोब मांडणाऱ्या बाईचे भित्तिपत्रक कोण काढणार?

'चित्रपट तो, त्याने कोणाचे काय बिघडते?' असेही म्हणणारे आहेत. पडदा येण्यापूर्वी हीच कथा छापील पुस्तकांतून आणि कानगोष्टींतून फिरत असे. अमेरिकेत बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथे उर्सुलाइन भगिनींची मुलींची शाळा होती; तेथे स्त्रियांना कोंडून ठेवतात अशी आवई उठली आणि ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री जमावाने मठ जाळून टाकला. दोनच वर्षांनी मारिया मंक हिच्या नावावर माँट्रियालच्या मठातील 'भयंकर गुपिते' छापली गेली. एका प्रॉटेस्टंट संपादकाने स्वतः जाऊन तो मठ तपासला. पुस्तकातील वर्णनाचा इमारतीशी मेळ बसेना. तरी पुस्तक खपतच राहिले. पुरुषाच्या अंमलाबाहेर स्त्रिया एकत्र राहतात, एवढ्यानेच लोकांच्या मनात किल्मिष येते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविषयी १८९३ मध्ये केवढे वादळ उठले! तेथे धर्मांतराचा प्रश्न खरा होता हे मान्य. पण अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेल्या आश्रमात तो प्रश्न मुळीच नव्हता, तरी कुजबुज चुकली नाही.

आणि हे फार जुनेही नाही. १९ मार्च २०२१ रोजी आपल्या शेजारच्या झाशी स्थानकावर दोन धर्मभगिनी व त्यांच्याबरोबरच्या दोन तरुण उमेदवार मुली ह्यांना गाडीतून उतरविण्यात आले. मुलींना धर्मांतरासाठी नेत आहेत असा संशय होता. चौकशीत तो निराधार ठरला. दोघी मुली जन्मानेच कॅथलिक होत्या. ही गाडी ग्वाल्हेरवरूनच झाशीला जाते. कोणा इटालियन चित्रपटाने हे घडविले असे मी म्हणणार नाही, तो वेडेपणा होईल. परंतु शिरोवस्त्र घेतलेली बाई आणि तिच्याबरोबरची तरुण मुलगी दिसली की 'पळवून नेली' हीच गोष्ट मनात तयार असावी, ह्याचा मला त्या दिवसापासून विसर पडलेला नाही. माझी धाकटी मावशी धर्मभगिनी आहे. तीही ह्या मार्गाने प्रवास करते.

अशा चित्रपटांविरुद्ध आमचे लोक कधी मोर्चे काढतात, 'असे कधी घडलेच नाही' अशा घोषणा देतात. मला त्या मोर्चात जाववत नाही. घडले आहे, आमच्याच दप्तरांत लिहिलेले आहे. मात्र जे घडले ते पडद्यावर येते त्याहून साधे, आणि आपल्या घरांना फार जवळचे आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी व्हर्जिनियाची गोष्ट सांगितली, भिंतीपर्यंतची आणि भिंतीनंतरचीही. १६२२ मध्ये, जवळजवळ चौदा वर्षांनी, ती भिंत पाडली तेव्हा व्हर्जिनिया ४६ वर्षांची होती. म्हणजे माझ्याच वयाची. पुढे २८ वर्षे, १६५० पर्यंत, ती त्याच आश्रमात राहिली. ज्यांच्या न्यायासनाने तिला शिक्षा दिली त्या बोरोमेओंना ती पत्रे लिही. त्यांचे तिच्याविषयीचे मत बदलले होते, आणि डळमळणाऱ्या दुसऱ्या भगिनींना धीर देण्यासाठी तिची पत्रे जात. मुलीने विचारले, "मग बाई, तिच्या आईच्या पैशांचं शेवटी काय झालं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच कोणी विचारला. आम्ही फळ्यावर लेइव्हा घराण्याची वंशावळ काढीत होतो तोच पुढच्या तासाची घंटा झाली.